फिलोमेनचा कर्णा

फिलोमेन हॅवरिलुक गेली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की तिच्या नवऱ्याचा आवाज आपल्याला धड माहीतच नाही. लग्न झाल्यापासून तीच दोघांच्या वाटचं बोलत आली होती. दुकानात ती बोलायची, चर्चच्या हॉलमध्ये ती बोलायची, फोनही तीच उचलायची. नेस्टर मागे उभा राहून मान हलवायचा. लोक म्हणायचे, नेस्टर फार शांत माणूस. मी म्हणायचे, शांत कसला, बिचाऱ्याची पाळीच येत नाही.

मी स्टेफ्का. त्यांची शेजारीण. शेजारीण म्हणजे मधे दोन शेतं, एक पाणथळ आणि पॉप्लरचं रान. हॉलच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे गावात कोण जेवतं आणि कोण नुसतं ताट चिवडतं हे मला जरा जास्तच कळतं. वारा पडला की त्यांच्या अंगणातलं बोलणं आमच्या अंगणात यायचं. म्हणजे फिलोमेनचं.

ती नदीकाठच्या मेती लोकांतली, म्हणजे फ्रेंच आणि इथले मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाची. माहेराहून तिनं दोन गोष्टी आणल्या: गडगडाटी हसणं आणि मूसला, म्हणजे आमच्या रानातल्या थोराड हरणाला, हाक मारण्याची कला. भूर्जाच्या सालीचा हातभर लांब कर्णा होता तिचा, बापानं मुळ्यांच्या दोऱ्यानं शिवलेला. तो तोंडाला लावून ती मूसच्या मादीचा आवाज काढायची. लांबलचक, नाकातून आलेला, आणि शेवटी हुंदका दाटल्यासारखा मोडलेला. तो शेवटचा मोड आणखी कुणाला जमायचा नाही. ती हाक ऐकून घोड्याहून उंच नर झाडांवर शिंगं घासत यायचे आणि बाजूला दबा धरून बसलेला नेस्टर बंदूक चालवायचा. हाक तिची, गोळी त्याची, अशी त्या दोघांची वाटणी होती.

गोळी लागल्यावरसुद्धा ती हाक मारत राहायची. हळू आवाजात, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी. नेस्टर म्हणायचा, "आता कशाला? झालं ना काम." त्यावर ती म्हणायची, "बोलावलं कुणी त्याला? मीच ना? मग शेवटपर्यंत ओ द्यायला नको?" ही गोष्ट ती हॉलमध्ये नवऱ्याची नक्कल करून सांगायची. सगळे हसायचे, नेस्टरही हसायचा.

आमच्याकडे माणूस गेलं की वर्षानं हॉलमध्ये जेवण घालतात. वर्षश्राद्धच म्हणा. फादर येतात, प्रार्थना होते, मध घातलेले उकडलेले गहू वाटले जातात आणि मग पंगत बसते. पंगतीला होलुब्त्सी हवीच. कोबीच्या पानात भात आणि मांस गुंडाळून मंद आचेवर शिजवायचं, सोपं काम नाही. आम्ही आत डुकराचं मांस घालतो, फिलोमेन मूसचं घालायची. सुरुवातीला आमच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पुढे तेच म्हातारे ताट घेऊन आधी तिच्या पातेल्याकडे वळायला लागले. मग कुणाचंही वर्ष असो, भांडण असो की अबोला, तिचं पातेलं हजर असायचं. गावातल्या सगळ्या मेलेल्यांच्या नावानं तिनं आम्हाला जेवू घातलं.

ती गेली सप्टेंबरात, मळणीच्या धामधुमीत. सुरुवातीला लोक जाऊन-येऊन होते. पण नेस्टर दारातच उभा राहायचा. आत या म्हणायचं त्याला सुचायचंच नाही, कारण ते काम तिचं होतं. लोक जरा वेळ थंडीत पाय आपटत उभे राहायचे आणि निघून जायचे. हळूहळू जायचेच बंद झाले. मी डबे पाठवायचे. डबे लखलखीत धुऊन परत यायचे. मला वाटलं, जेवतोय. मग एकदा त्याची कुत्री दिसली. ती इतकी जाड झाली होती की मला काय ते कळलं.

संध्याकाळी तो अंगणात उभ्या पिकअपमध्ये बसून रेडिओ ऐकायचा. घरात रेडिओ होता. मी एकदा न राहवून विचारलं, "इथं कुडकुडत कशाला बसतोस?" म्हणाला, "घरात तिची खुर्ची समोर येते. इथं ती बाजूला असायची, तिकडे बघावं लागत नाही." मी डबा त्याच्या हातात दिला आणि घरी आले.

बर्फ वितळल्यावर एके दिवशी तो आपणहून आमच्या स्वयंपाकघरात आला. हातात टोपी. माझा नवरा विल्फ चहा पीत बसला होता.

"स्टेफ्का," नेस्टर म्हणाला, "तिच्या जेवणाला मूस पाहिजे."

"तुझ्या फ्रीजरमध्ये नाही?"

"मागच्या वर्षी गेलो कुठे मी?"

"मग काळजी कशाला? विल्फ गावात विचारेल. कुणाकडे ना कुणाकडे असेलच."

"नको. लोकांच्या जेवणाला तिनं कधी मागून आणलं नाही. तिच्या जेवणाला मी मागून आणू?"

विल्फनं कप खाली ठेवला. "अरे, पण तिचं वर्ष बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधी येतंय."

"धनुष्याचा उघडलेला असतो."

"तू जन्मात कधी धनुष्य धरलंयस?"

"नाही."

विल्फनं माझ्याकडे बघितलं, मी विल्फकडे. मग विल्फ उठला आणि माडीवरून त्याचं जुनं, दोन्ही टोकांना दोरीची चाकं असलेलं शिकारीचं धनुष्य घेऊन आला. खांदा गेल्यापासून ते नुसतं पडून होतं. "घे," तो म्हणाला. "बाण परत आण. नसेल आणायचा तर मूस आण."

उन्हाळाभर नेस्टर गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारत राहिला. चिवट माणूस. आधी गठ्ठा सोडून सगळ्याला बाण लागले, धान्याच्या कोठीला एक आणि माझ्याकडून नेऊन कधी परत न केलेल्या धुण्याच्या टबाला एक. पण हळूहळू हात बसला. विल्फ म्हणायचा, बाण मारणं हा सोपा भाग आहे. बंदुकीला शेताच्या पलीकडचा नरही चालतो. धनुष्याला तो दारापासून अंगणातल्या चुलीइतका जवळ यावा लागतो, आणि तिथवर त्याला आणायचं तर हाक पाहिजे.

हाक मात्र येईना. कर्णा दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला होता, तो त्यानं खाली काढला, यंत्रांच्या शेडमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि ओरडला. आम्ही दोघं तेव्हा डबा द्यायला त्याच्याकडे गेलो होतो, मला ऐकू आलं. काय सांगू! गाडीचा पट्टा घासावा तसा आवाज. विल्फ कुंपणावरून ओरडला, "नेस्टर, तुझी हाक ऐकून नर नाही यायचा, गुरांचा डॉक्टर येईल!"

"हसा," नेस्टर शेडमधून म्हणाला.

"पोट धरून हसतोय!"

पण रात्री विल्फ मला म्हणाला, "त्याचा गळा गंजलाय गं. दिवसदिवस तो कुणाशी बोलतच नाही, आवाज येणार कुठून?" ते खरं होतं. आठवडाभरात त्यानं उच्चारलेले सगळे शब्द मी एका ताटलीत मांडले असते. तरी तो रोज शेडमध्ये जाऊन ओरडायचा. ऑगस्टपर्यंत आवाज लांब झाला, नाकातून यायला लागला. शेवटचा मोड तेवढा आला नाही.

हंगाम उघडला आणि तो रोज जायला लागला. दिवस अजून उबदार होते, डास होते, पॉप्लरची पानं नुकती पिवळी पडत होती. एवढ्या लवकर नर फारसे बोलत नाहीत, ऐकतात आणि गप्प उभे राहतात. नेस्टर हाक मारायचा, बराच वेळ थांबायचा, काहीच नाही. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत. जेवण चार दिवसांवर आलं तेव्हा मी गुपचूप डुकराचं मांस सांगून ठेवलं. त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी नेस्टर नेहमीच्या जागा सोडून पाणथळीच्या मागच्या टोकाला गेला. कुठे जातोय ते कुणाला बोलला नाही. इतकी वर्षं तो फिलोमेनला सांगून निघायचा, आणि फिलोमेनला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. त्या दिवशी तो कुत्रीला सांगून गेला. त्यातून ऊन कडक. अशा दिवसांत एकट्यानं मूस मारायचा नसतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. धष्टपुष्ट बैलाएवढ्या वजनाचं जनावर एका माणसाला उलटवतासुद्धा येत नाही, आणि उन्हात पडलेलं मांस सकाळपर्यंत टिकत नाही.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, एका बैठकीत नव्हे, तुकड्यातुकड्यानं.

वारा तोंडावर घेऊन तो पडलेल्या झाडामागे बसला होता. दुपार कलली होती. हाका मारून मारून ओठ फाटले होते. शेवटची एकदा मारावी आणि घरी जावं म्हणून त्यानं कर्णा उचलला. हाक निघाली आणि शेवटी त्याचा आवाज मोडला. मुद्दाम नव्हे, थकल्यामुळे. तो म्हणाला, "स्टेफ्का, मी दचकून मागे बघितलं. ती मागे बसल्यासारखं वाटलं." मागे अर्थातच कुणी नव्हतं. पण वाळुंजीच्या झुडपांमध्ये काटकी मोडली.

नर आला तो आवाज न करता. एवढं मोठं धूड, पण मांजरासारखं. शिंगांवरची मखमल सोलून लोंबत होती. अंगणाच्या टोकाइतक्या अंतरावर तो आडवा उभा राहिला आणि कान पुढे करून झाडाकडे बघायला लागला. मादी कुठे दिसते का, ते बघत होता. नेस्टरनं दोरी ओढली. बाण खांद्यामागे बरगड्यांत गेला.

बंदुकीचा आवाज जनावराला सगळं सांगतो. बाणाला आवाज नसतो. नरानं उडी मारली, थोडा पुढे गेला आणि थांबला. आपल्याला काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं. त्यानं मान वळवली आणि परत झाडाकडे कान लावले. त्याला बोलावणारी अजून तिथंच असेल असं त्याला वाटत होतं.

विल्फनं शिकवलं होतं: बाण लागला की हलायचं नाही, बसून राहायचं, मागे धावलास तर तो रानभर पळेल. नेस्टर बसून राहिला. नर उभा. दोघांत मोकळी जागा आणि डासांची गुणगुण. नराच्या नाकातून फेस आला, पाय लटपटले, तरी कान झाडाकडेच. आणि मग नेस्टरनं कर्णा तोंडाला लावला आणि हळूच हाक मारली.

नरानं पाय मुडपले आणि तो खाली बसला. नेस्टरनं परत ओ दिली. परत दिली. नराचं डोकं हळूहळू जमिनीला टेकलं, तरी नेस्टर थांबला नाही.

मी तेव्हा बागेत बीट खणत होते. वारा पूर्ण पडला होता. पाणथळीपलीकडून हाक आली, शेवटी मोडलेली, आणि माझ्या हातातलं खोरं सुटलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं तीच आहे.

विल्फ शेडमधून बाहेर आला. "मूसची मादी असेल," तो म्हणाला, पण चेहरा पांढरा पडला होता.

हाक परत आली. परत. परत.

"मादी कधी अशी न थांबता ओरडते का?" मी म्हटलं. "नेस्टर आहे तो. काढ गाडी."

रानात चालणाऱ्या चारचाकी क्वाडला ट्रेलर जोडला, दोऱ्या, सुऱ्या, कापडी पिशव्या टाकल्या. शिकारीची जागा शोधावी लागली नाही. आम्ही आवाजाच्या मागे गेलो. वाटेत विल्फ एकदाच बोलला, "एवढ्या वेळात अस्वल आलं नाही म्हणजे मिळवली."

नेस्टर मूसच्या डोक्याजवळ जमिनीवर बसला होता. पाठ आमच्याकडे, कर्णा तोंडाला. क्वाडचा आवाज त्याला ऐकूसुद्धा गेला नव्हता. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला.

"नेस्टर, मेलाय तो."

"माहितेय."

"बराच वेळ झालाय रे मरून."

"माहितेय मला." ओठांतून रक्त येत होतं. त्यानं कर्णा मांडीवर ठेवला आणि तो बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"दवाखान्यात ती हाक मारत होती मला, स्टेफ्का. मी बाहेर पॅसेजमध्ये होतो. एक ओळखीचा शेतकरी भेटला होता. कनोलाचं पीक कसं आलंय, दाण्यात ओल किती, मळणी थांबवायची की उरकून घ्यायची, असं बोलणं चाललं होतं. तिनं हाक मारली. मला ऐकू आली, नाही असं नाही. मला वाटलं, पाणी हवं असेल. हे वाक्य पुरं करून जातो. मग परत मारली. मी म्हटलं, येतोच. पण मनात म्हटलं, तोंडानं नाही. आत गेलो तेव्हा..." त्यानं ओठांवरचं रक्त पुसलं. "ती माझ्या ओची वाट बघत गेली. जनावराला शेवटपर्यंत ओ देणारी बाई. आणि मी ओलीबद्दल बोलत होतो."

मला रडू आवरेना. मी तिथंच त्याच्याजवळ बसले. विल्फ दोरी उलगडत उभा राहिला, मग ती परत गुंडाळली, मग परत उलगडली.

शेवटी विल्फच खाकरला. "नेस्टर, ऊन अजून आहे. हा आता उघडला नाही तर पंगतीला काही राहणार नाही."

नेस्टरनं आमच्याकडे बघितलं, जणू आम्ही आत्ता कुठे दिसलो. "तुम्ही कसे आलात? मी तुम्हाला नव्हतं बोलावलं."

"वा रे वा!" मी डोळे पुसत उठले. "पाणथळीपलीकडे बीट खणणारी बाई पळत आली, आणि म्हणे बोलावलं नव्हतं. चल, ऊठ. पाय धर त्याचा. तो पाय नाही, मागचा!"

मग आम्ही कामाला लागलो. मूस सोलणं म्हणजे लहानसं घर पाडण्यासारखं आहे. विल्फनं एक खांदा गेलेला असूनही पाय तोलून धरले, नेस्टरनं सुरी चालवली, मी पिशव्या भरल्या आणि दोघांनाही शिव्या घातल्या. बाण शाबूत निघाला. नेस्टरनं तो पुसून विल्फला दिला. विल्फ म्हणाला, "मी एकच काहीतरी मागितलं होतं." आमच्या अंगणात मांस टांगलं तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. त्या रात्री नेस्टर आमच्याकडे जेवला, चक्क दोनदा वाढून घेतलं. कुत्रीला आणायला मात्र विल्फला जावं लागलं.

होलुब्त्सी मी केली, पण मांस त्यानं स्वतः बारीक केलं, आणि मिठावरून आमचं भांडण झालं. फिलोमेन किती मीठ घालायची ते त्याला माहीत होतं, मला नव्हतं. शेवटी मी हरले. डुकराच्या मांसाचं मी कुणाला बोलले नाही, ते अजून फ्रीजरमध्ये आहे.

वर्षाच्या जेवणाला हॉल भरला. फादर आले, प्रार्थना झाली, गहू वाटले. लोक ताटं घेऊन उठले आणि नेहमीसारखे त्याच पातेल्याकडे वळले. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं पहिला घास घेतला, हळूहळू चावला आणि म्हणाली, "तिचंच आहे." एवढंच म्हणाली आणि जेवायला लागली. नेस्टर भिंतीशी उभा होता. बाजूच्या खुर्चीवर त्यानं टोपी ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. पंगत उठेपर्यंत ती खुर्ची तशीच राहिली. एका जेवणानं माणसाचं एकटेपण जात नाही, आणि जाईल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

जेवणं झाली, बायका भांडी आवरायला लागल्या, पुरुष बाहेर पायऱ्यांवर जमले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मळणीचे दिवस, दुसरं काय बोलणार? कनोला कसा आलाय, उद्या सुरू करायची का, दाण्यात ओल किती. कुणीतरी नेस्टरला विचारलं आणि तो चक्क उत्तर देत होता. "माझ्याकडे वरच्या शेतात बरी आहे, पण खालच्या तुकड्यात ओल अजून—"

मला मोठं पातेलं उतरवायचं होतं. रिकामं असलं तरी ते मला एकटीला पेलत नाही. मी सवयीनं हाक मारली, "नेस्टर!" आणि माझ्याच तोंडून ती हाक सुटल्यावर मी जागच्या जागी थिजले.

"ओ!" बाहेरून आवाज आला, हॉल दणाणेल इतका मोठा. "ओ, आलो, आलो!"

वाक्य तसंच अर्धं टाकून तो पायऱ्या चढून धावत आत आला.